पाहुण्या हंसाची साक्ष

आगमनकाळ सुरू होतो, घराघरांतून नाताळच्या तयारीची लगबग चालू होते, त्याच सुमारास उत्तर कर्नाटकातील तळ्यांवर आणि जलाशयांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. शेतात तूर भरात आलेली असते, रब्बीची ज्वारी डोलत असते, हरभऱ्याला घाटे धरण्याची वेळ जवळ येत असते. अशा दिवसांत पहाटेच्या धूसर आकाशातून मोठ्या पक्ष्यांची एक तिरपी रांग खोल आवाजात एकमेकांस साद घालीत जाते. हे रानहंस होत. त्यांच्या पांढऱ्या मस्तकावर दोन काळे आडवे पट्टे असतात. चोच आणि पाय नारिंगी-पिवळे असतात. पुस्तकांतून यांस पट्टकादंब म्हणतात. खेड्यापाड्यांतील लोक मात्र कौतुकाने त्यांस राजहंसच म्हणतात.

हा पक्षी पाळीव बदकासारखा कोणाच्या अंगणातला नव्हे. मंगोलियातील सरोवरे व तिबेटचे उंच पठार ही त्याची जन्मभूमी. उन्हाळ्यात तो तेथे घरटे करतो आणि थंडी पडू लागली की पिल्लांसह हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या अंगावर चिमुकली यंत्रे बसवून त्यांच्या प्रवासाचा माग काढला, तेव्हा एक हंस समुद्रसपाटीपासून ७,२९० मीटर उंचीवर उडत असल्याची नोंद मिळाली. इतक्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की साधा मनुष्य चार पावले टाकताच धापा टाकू लागेल. परंतु या पक्ष्याची फुप्फुसे मोठी असतात आणि त्याचे रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवू शकते. भारताच्या सपाटीवरून निघालेला हंस सात-आठ तासांत पर्वताची चढण चढून जातो, आणि तीही बहुधा रात्री किंवा भल्या पहाटे, जेव्हा हवा थंड व जड असते. दोन-तीन किलो वजनाच्या या जीवाला विधात्याने केवढे बळ दिले आहे!

यादगीर जिल्ह्यातील सुरपूर तालुक्यात बोनाळ येथे जे पक्षी-अभयारण्य आहे, तेथे हे हंस हिवाळ्यात येतात. यादगीर जिल्हा २०१० साली वेगळा झाला. तोपर्यंत हा भाग गुलबर्गा जिल्ह्यातच मोडत असे. गदग जिल्ह्यातील मागडीचे तळे तर या हंसांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. अवघ्या ५४ हेक्टरांच्या त्या तळ्यावर हंसांचे हजारोंचे थवे हिवाळा काढतात, आणि २०२४ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रात उजनीच्या पाणलोटात आणि पैठणच्या नाथसागरावरही हे पाहुणे दिसतात.

आपल्या भागातील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी प्रथम झाली ती निजामाच्या राज्यात, १९३१-३२ साली. डॉ. सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानाची ती पाहणी केली. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या काळी पक्ष्याची खात्रीलायक नोंद करावयाची तर बंदुकीने तो टिपून त्याचे कातडे जतन करावे लागे. दुसरा उपाय नव्हता. आज ते काम छायाचित्र करते. बंदुकीऐवजी हाती कॅमेरा आला आणि पक्ष्याचा जीव न घेता त्याची साक्ष ठेवता येऊ लागली. हा बदल लहान नव्हे. पण साक्ष म्हटली की ती खरी असावी लागते. आणि येथेच आजच्या लेखाचा विषय सुरू होतो.

आज बहुतेक घरांत मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी दुरून झूम करणारा चांगला कॅमेराही बाळगते. काढलेले चित्र संगणकावर अथवा मोबाइलवर हवे तसे उजळता येते, रंगविता येते, त्यातील नको ते पुसता येते आणि हवे ते घालता येते. तळ्याकाठी विसावलेल्या हंसाचे छायाचित्र कसे घ्यावे आणि घेतल्यावर त्यावर कितपत हात फिरवावा, हे दोन प्रश्न केवळ हौशी छायाचित्रकारांचे राहिलेले नाहीत. ते आपल्या घरांतील मुलांचे, आणि म्हणून आईबापांचेही प्रश्न आहेत.

विसाव्याचा मान

लंडनसारख्या शहरांतील उद्यानांत रानहंस माणसांना इतके सरावलेले असतात की ते बाकाजवळ येऊन पावाच्या तुकड्यांची वाट पाहतात. आपल्याकडे आलेले पट्टकादंब तसे नव्हेत. ते माणसास दुरूनच ओळखतात आणि त्याच्यापासून अंतर राखतात. रात्री आणि पहाटे शेतांत व गवताळ माळांवर चरून ते दिवसा तळ्याच्या काठी अथवा उथळ पाण्यात विसावा घेतात. कोणी एका पायावर उभा राहतो, कोणी पोटावर बसून चोच पाठीच्या पिसांत खुपसतो. थव्याच्या कडेचे काही हंस मात्र मान उंच करून पहारा देत असतात.

छायाचित्र घेणाऱ्याने प्रथम हा पहारा वाचावयास शिकावे. आपण जवळ जात असता एकामागून एक माना वर होऊ लागल्या, तर समजावे की आपण त्यांच्या उंबरठ्यावर आलो. तेथेच थांबावे, खाली बसावे, वाटल्यास दोन पावले मागे सरावे. थोड्या वेळाने माना पुन्हा खाली झाल्या तर आपल्याला बसण्याची मुभा मिळाली. उडते चित्र हवे म्हणून खडा मारणे, टाळ्या वाजविणे, कुत्रे सोडणे, हे प्रकार सर्रास घडतात आणि ते निंद्य आहेत. उड्डाणाला पक्ष्याची जी शक्ती खर्च होते, ती त्याला चरून पुन्हा मिळवावी लागते. आणि मार्च महिन्यात त्याला परत हिमालयावर चढावयाचे असते. आपल्या एका चित्राच्या हौसेपायी त्याच्या परतीच्या शिदोरीवर हात टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? चरलेल्या हरभऱ्याबद्दल शेतकऱ्याने आपल्या शेतातून थवा हाकलणे समजण्यासारखे आहे. पण निव्वळ हौसेखातर तळ्यावरून त्यास उठविणे याला काहीच सबब नाही.

साधने थोडकीच लागतात. सूर्य उगवतीचा असावा आणि तो आपल्या पाठीशी असावा. उभ्याने घेतलेल्या चित्रात हंस चिखलात चिकटल्यासारखा दिसतो. म्हणून जमिनीलगत पालथे पडून त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहावे. कॅमेरा हलू नये म्हणून महागड्या तिपाईची गरज नाही. कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. एका कापडी पिशवीत दोन-तीन किलो तूर भरून तोंड शिवून टाकावे आणि त्या पिशवीवर कॅमेरा टेकवावा. याहून उत्तम बैठक बाजारात मिळणार नाही, आणि काम झाल्यावर तूर पुन्हा डब्यात जाते.

नजर पक्ष्याच्या डोळ्यावर धरावी. डोळा स्पष्ट आला तर बाकीचे थोडे अंधुक झाले तरी चित्र जिवंत वाटते. विसावलेल्या हंसासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. उडत्या हंसासाठी हजारावा भाग तरी हवा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या हंसाचे मस्तक पांढरे शुभ्र असते. भोवती काळा चिखल असला की कॅमेरा त्या काळोखाला भुलून चित्र अधिक उजळ करतो आणि मस्तकावरील पिसांची सारी रेषा पांढऱ्या धगीत नाहीशी होते. एकदा नाहीशी झालेली ती रेषा पुढे कोणत्याही संगणकाला परत आणता येत नाही. म्हणून चित्र किंचित काळसरच घ्यावे. दबलेला काळोख मागाहून उजळता येतो, जळालेला उजेड मात्र भरून येत नाही.

काचेवरील पेन्सिलीपासून संगणकापर्यंत

छायाचित्रावर हात फिरविणे ही आजची युक्ती आहे असे कोणी समजू नये. जर्मनीतील फ्रान्झ हान्फ्श्टेंगल यांनी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात हात फिरविलेले निगेटिव्ह लोकांपुढे ठेवले, आणि मूळ व सुधारित चित्रांतील फरक पाहून लोक थक्क झाले. त्यानंतर जगभरच्या स्टुडिओंतून काचेवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरील वण आणि सुरकुत्या झाकण्याचा धंदाच सुरू झाला. निजामाच्या राज्यात राजा दीनदयाळ यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला होता, त्या काळापासून आपल्या मुलखालाही छायाचित्राचा परिचय आहे. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या काळ्यापांढऱ्या तसबिरीत ओठांना लाली आणि साडीला रंग दिलेला दिसतो, तो असाच कोणा कारागिराने कुंचल्याने भरलेला असतो.

संगणक आल्यावर ही कला सर्वांच्या हाती गेली. टॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकन बंधूंनी तयार केलेला फोटोशॉप हा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला. पण त्याच्याही आधी, १९८२ साली, नॅशनल जिओग्राफिक या विख्यात मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझाचे दोन पिरॅमिड यंत्राच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकविले होते. हजारो वर्षे जागचे न हललेले पिरॅमिड एका कचेरीत बसून हलविले गेले! त्यावर बराच गदारोळ झाला. आजच्या कृत्रिम बुद्धीच्या साधनांना तर बोटाने खूण करण्याचा अवकाश, ती नको असलेली वस्तू पुसून तिच्या जागी तळ्याचे निळे पाणी भरून देतात.

यावरून सगळाच हात फिरविणे वाईट असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. बिदरच्या वाचकांस घरचेच उदाहरण देता येईल. बिदरी कारागीर जस्त व तांब्याच्या मिश्रणाचे भांडे ओततो, त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा बसवितो. या अवस्थेत भांड्याचा आणि चांदीचा रंग जवळजवळ सारखाच दिसतो. नक्षी डोळ्यात भरत नाही. मग तो जुन्या किल्ल्यातील माती नवसागरात कालवून ती गरम भांड्यावर चोळतो. भांडे काळेकुट्ट होते, चांदी मात्र तशीच राहते, आणि नक्षी एकाएकी झळकू लागते. त्या मातीने नक्षी निर्माण केली काय? नाही. होती तीच दिसू लागली. ज्या जागी चांदी बसविलेलीच नाही, त्या जागी कितीही माती चोळली तरी फूल उमटत नाही.

हंसाच्या छायाचित्रावरील न्याय्य संस्कार हे या मातीसारखे आहेत. वाकडे आलेले क्षितिज सरळ करावे. कडेची निरुपयोगी जागा कातरावी. काळोख थोडा उजळावा, फिका प्रकाश थोडा गडद करावा, म्हणजे मस्तकावरील दोन पट्टे आणि मानेवरील पिसांचे पदर दिसू लागतील. भिंगावरील धुळीचा डाग चित्रात उमटला असेल तर तो पुसावा, कारण तो डाग तळ्यावर नव्हताच. रंग डोळ्यांनी पाहिले तसे करावेत. दुपारच्या चित्राला पहाटेचे सोने चढवू नये. कॅमेऱ्यात सोय असल्यास चित्र 'रॉ' म्हणजे कच्च्या स्वरूपात साठवावे. त्यात प्रकाशाची पुंजी अधिक असते आणि मूळ प्रत न बिघडविता संस्कार करता येतात. मूळ प्रत कधीही पुसू नये. ती घराच्या सात-बाऱ्यासारखी आहे. वाद निघाला की तीच उपयोगी पडते.

पुसलेल्या पट्टीची गोष्ट

आता अन्याय्य संस्कार कोणता ते पाहू. मंगोलियातील अभ्यासक काही हंसांच्या गळ्यात रंगीत पट्टी घालतात. तिच्यावर ठळक अक्षरे व अंक असतात, म्हणजे दुरूनही ते वाचता यावेत. अशी पट्टी घातलेले हंस कर्नाटकातील आणि विदर्भातील तळ्यांवर दिसले आहेत. कोणीतरी त्यांचे छायाचित्र घेतले, पट्टीवरील अक्षरे वाचली, अभ्यासकांना कळविले, आणि हा पक्षी हजारो किलोमीटरवरील कोणत्या सरोवरावरून आला ते निश्चित झाले.

समजा, आपल्याच गावच्या एखाद्या तरुणाला असा हंस दिसला. चित्र सुंदर उतरले. पण गळ्यातील ती प्लास्टिकची पट्टी त्याच्या डोळ्यांना खुपली. नैसर्गिक सौंदर्यात ही कसली खोट, असे म्हणून त्याने ती पुसली आणि तेथे शुभ्र पिसे भरली. चित्राची वाहवा झाली. परंतु त्या पक्ष्याचे गाव, त्याचा प्रवास, त्याचे वय, सारेच त्या एका पुसण्याबरोबर गेले. हिमालय ओलांडून आणलेली चिठ्ठी दारात फाडून टाकण्यासारखेच हे झाले.

दुसरे उदाहरण घ्या. हंसाच्या पायात मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंतलेला आहे आणि पाय सुजला आहे. चित्र गोंडस दिसावे म्हणून दोरा पुसला की पाहणाऱ्याला हंस सुखी दिसतो, आणि ज्याला मदत हवी होती तो जखमी जीव तसाच राहतो. तळ्याच्या काठी पडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्यावर आलेला मेणचट तवंग, काठावर टाकलेला मातीचा भराव, हे सारे पुसून निळे पाणी रंगविले की ग्रामपंचायतीला कोणी प्रश्न विचारत नाही. चित्रात तर सारे स्वच्छच आहे! खोट्या चित्राने सर्वांत मोठी हानी होते ती अशी. सुंदर वस्तूचे खोटे कौतुक होते आणि तिला वाचविण्याची निकड नाहीशी होते.

जगातील मोठमोठ्या स्पर्धाही या बाबतीत कठोर असतात. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत पारितोषिक मिळालेले मुंगीखाऊ प्राण्याचे एक चित्र २०१८ साली रद्द ठरविण्यात आले, कारण त्यातील प्राणी भुसा भरलेला असल्याचे परीक्षकांच्या ध्यानात आले. चित्र देखणे होते. पण साक्ष खोटी होती.

आठवी आज्ञा आणि छायाचित्र

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले खोट्या साक्षीला मना करणारी आठवी आज्ञा पाठ म्हणतात. ती न्यायालयातील शपथेपुरती आहे असे कोणी मानू नये. शब्दाने खोटे सांगता येते तसेच चित्रानेही सांगता येते. आणि चित्रावर लोक अधिक लवकर विश्वास ठेवतात म्हणून त्याची जबाबदारीही अधिक. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्क-माध्यम दिनासाठी खोट्या बातम्यांचा विषय मुद्दाम निवडला आणि सत्य मनुष्याला मुक्त करते या प्रभूच्या शिकवणीचा आधार घेतला. त्याआधी २०१५ साली त्यांनी सृष्टीच्या जतनाविषयी 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले होते. सृष्टीविषयी प्रेम आणि सत्याविषयी आदर, ही दोन्ही कर्तव्ये तळ्याकाठच्या एका हंसाच्या चित्रात एकत्र येतात.

या संदर्भात ट्यूरिनच्या पवित्र कफनाची हकिकत बोधप्रद आहे. २८ मे १८९८ रोजी सेकोंदो पिआ या हौशी छायाचित्रकाराने त्या वस्त्राचे छायाचित्र घेतले. काचेचे निगेटिव्ह धुतले जात असता त्यावर एका पुरुषाचे गंभीर मुख स्पष्ट उमटलेले पाहून तो विस्मित झाला. जगभर खळबळ उडाली, आणि तितक्याच वेगाने संशयही पसरला. पिआने निगेटिव्हवर कारागिरी केली असावी, असे आरोप झाले. तब्बल ३३ वर्षांनी, १९३१ साली, ज्युसेप्पे एन्रिए यांनी अधिक चांगल्या साधनांनी पुन्हा छायाचित्रे घेतली. त्यांतही तेच मुख तसेच दिसले आणि पिआच्या प्रामाणिकपणाविषयीचा संशय फिटला. ते वस्त्र प्रभूचेच आहे काय, याविषयी ख्रिस्तसभेने अंतिम निर्णय दिलेला नाही. आपल्यापुरता बोध एवढाच की पिआने मुळात काहीच रंगविले नव्हते, म्हणूनच काळाच्या कसोटीला त्याचे काम उतरले.

घरी पाळावयाचे काही नियम

आईबापांनी मुलांच्या हातचा मोबाइल काढून घेण्यापेक्षा त्यांच्याबरोबर एकदा तळ्यावर जावे, हे अधिक फलदायी होईल. चित्र काढल्यावर तारीख, वेळ, तळ्याचे नाव आणि हंसांची अंदाजे संख्या एका वहीत टिपून ठेवावयास सांगावे. दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ सालापासून चालत आलेल्या या कामात अशी वही फार मोलाची ठरते. गळ्यात पट्टी किंवा पायात कडे असलेला पक्षी दिसल्यास त्यावरील अक्षरे नीट दिसतील असे चित्र घेऊन वन विभागास अथवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावे. जखमी पक्षी दिसल्यास स्वतः धरू नये. तो वन्य पक्षी आहे आणि त्यास पकडण्यास कायद्याने बंदी आहे. वन विभागाच्या माणसास बोलवावे.

केवळ शोभेचे चित्र करावयाचे असेल, नाताळच्या भेटकार्डावर हंसाच्या मागे तारा रंगवावयाचा असेल, तर खुशाल रंगवावा. कल्पनाचित्र हे पाप नव्हे. मात्र त्याखाली तसे लिहावे, म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होणार नाही. ग्रामोत्सवात किंवा धर्मग्रामाच्या सणाला मुलांच्या छायाचित्रांची स्पर्धा ठेवावयाची झाल्यास मूळ प्रतही सोबत मागवावी, एवढी एकच अट पुरेशी आहे; बाकीचे नियम मुले आपोआप शिकतील.

आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांस पोसतो, याची आठवण प्रभूने आपल्या शिष्यांना करून दिली. असिसीकर संत फ्रान्सिस त्याच पाखरांना बंधू-भगिनी म्हणत. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरण-रक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ज्याला बंधू म्हणावयाचे त्याच्या विसाव्यात व्यत्यय आणावयाचा नसतो आणि त्याच्याविषयी खोटेही सांगावयाचे नसते. उपवासकाळाच्या सुमारास हंस परतीच्या वाटेला लागतात. तोपर्यंतचे दिवस ते आपल्या तळ्यांवर पाहुणे आहेत. दुरून पाहावे, शांतपणे चित्र घ्यावे, आणि जसे दिसले तसे जपून ठेवावे.